आधी पाय तयार कर, मग लेन्स घे

सह्याद्रीत फोटो काढून पोट भरायचंय ना, मग आधी दमसास कमव. दर रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढ, तोही पाठीवर कॅमेऱ्याचं सगळं ओझं घेऊन. अमेरिकन निसर्ग-फोटोग्राफर गेलन रॉवेलच बघ, तो मुळात गिर्यारोहक. गाड्यांचं गॅरेज विकून १९७२ मध्ये तो पूर्णवेळ फोटोग्राफर झाला. १९८१ मध्ये तिबेटमधल्या ल्हासात इंद्रधनुष्य दिसलं, तेव्हा त्या विरळ हवेत तो जीव खाऊन धावला, म्हणून ते पोताला राजवाड्याच्या छपरातूनच निघाल्यासारखं टिपता आलं. लोक नशीब म्हणतात. मला त्यात वर्षानुवर्षांची चढाई दिसते.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, हे मात्र नवख्यांना फार उशिरा कळतं. ट्रेकहून आल्यावर ओली बॅग तशीच कपाटात कोंबू नकोस. सगळं पुसून, पंख्याखाली सुकवून, ओलावा शोषणारं सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेव.

पैशांसाठी सुरुवातीला लग्नाच्या ऑर्डरी घे, त्यात अजिबात कमीपणा नाही. घाईगर्दीत, कमी उजेडात हात चांगला बसतो. आणि कड्याच्या टोकाला जायचं तर दोर, हार्नेस आणि जाणता साथीदार हवाच. तो नसेल त्या दिवशी फोटो सोडून दे.