हळदीचा डाग आणि पावसाळ्यातलं ‘ड्रायक्लीन’: आधी रविवारची वेळ रद्द करा

पुतणीच्या हळदीहून परतताना मागच्या सीटवर ओल्या हळदीची वाटी उपडी झाली, थोडी छताच्या कापडालाही लागली, बेज रंगाची कापडी सीट आहे, चार दिवस झालेत आणि साताऱ्यातला एक वॉशिंग सेंटरवाला रविवारी 1600 रुपयांत ‘ड्रायक्लीन’ करून देतो म्हणतोय, देऊ का, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात गोळाच आला. देऊ नका. निदान हे पूर्ण वाचेपर्यंत तरी देऊ नका.

मी सांगलीचा. आमच्याकडून पुण्या-मुंबईला कोणी निघालं की गाडीत भडंग, बेदाणा आणि हळद असतेच, रिकाम्या हाताने गेलं तर नातेवाईक तोंड वाकडं करतात. 2018 च्या जुलैत मेहुणीसाठी गिरणीतून ताजी दळून आणलेली दोन किलो राजापुरी हळद मागच्या सीटवर ठेवली होती. पेठ नाका सोडून कासेगावच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी आदळली आणि पिशवी फुटली. त्याच साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या सीटलाही मिळालं, एवढंच.

खरं तर त्या क्षणी काहीच बिघडलं नव्हतं. कोरडी हळद म्हणजे नुसती पावडर. झटकली असती, घरी येऊन व्हॅक्यूम मारला असता, तर नव्वद टक्के काम तिथेच झालं असतं. मी पेट्रोल पंपावर थांबून ओल्या फडक्याने पुसली. पावडर पाण्यासकट कापडात शिरली.

घरी आल्यावर दुसरी चूक, आणि ही पहिलीपेक्षा मोठी. बादलीत कपड्यांची साबण पावडर कालवली, ब्रश घेतला आणि घासायला लागलो. दोन मिनिटांत पिवळा डाग लालभडक! अक्षरशः कुंकू सांडल्यासारखा. मी घाबरून आणखी पावडर टाकली, तो आणखी लाल झाला. मुलगी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “बाबा, हे आमच्या पुस्तकात आहे.” हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात लाल होतो, हा शाळेतला प्रयोग आपण सगळ्यांनीच केलाय. हळदीत चुना घालून कुंकू करतात हेही माहीत असतं. पण हातात ब्रश आला की डोकं चालत नाही. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, म्हणजे ती अल्कली. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. डाग ‘वाढलेला’ नसतो, फक्त रंग बदललेला असतो. हे तेव्हा कळलं असतं तर पुढचं सगळं वाचलं असतं.

कारण पुढे मी तेच केलं जे तुम्ही रविवारी करणार आहात.

गाडीच्या आतल्या सफाईला आपल्याकडे ‘ड्रायक्लीन’ का म्हणतात हे मला आजवर कळलेलं नाही. त्यात ड्राय काही नसतं. मी ज्या सेंटरला गाडी दिली त्याचं नाव सांगणार नाही, नाव सांगून उपयोगही नाही, सगळीकडे पद्धत तीच. पंपाने फेस मारला, ब्रशने दणकून घासलं, पुन्हा फेस. तो फेसही अल्कलीचाच असणार, कारण डाग आणखी पसरला. मग दहा मिनिटं व्हॅक्यूम फिरवून, वर वासाचा स्प्रे मारून गाडी हातात दिली. 1800 रुपये. सीट हाताला जरा ओलसर लागत होती. “उद्यापर्यंत वाळंल की साहेब.” बाहेर पाऊस धरलेला. सलग आठ दिवस ऊन नाही. उद्या कुठला वाळतोय!

सीटचं वरचं कापड पॉलिएस्टरचं असतं, ते वाळतं. त्याच्या खाली चार बोटं जाडीचा फोम असतो, तो स्पंज आहे, आणि खाली गालिचाच्या मागे जाड फेल्टचा थर असतो. तिथे गेलेलं पाणी काचा बंद असलेल्या गाडीत, जुलैत, वाळत नाही. चौथ्या दिवशी कुबट वास सुरू झाला. दहाव्या दिवशी सीटच्या कडेला पांढरी बुरशी. मी परत गेलो तर उत्तर मिळालं, “पावसाळ्यात असं होतंच, साहेब. आणि हळद तर तुमचीच होती ना?” हे दुसरं वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. हळद माझीच होती, मान्य. पण पावसाळा आहे हे त्यांनाही गाडी आत घेताना दिसत होतंच की! पैसे घेताना कोणी सांगत नाही की राव, आत्ता नको, ऑक्टोबरात या.

तिसऱ्या आठवड्यात डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतात, ते एअरबॅगच्या आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचे. गालिचाखालचं पाणी तिथे पोचलं आणि पिना गंजल्या. तो खर्च वेगळा. शेवटी मिरजेच्या एका कुशनवाल्याकडे गेलो. त्याने मागची सीट उचलून बाहेर काढली, जमिनीवर ठेवली आणि फोमवर पाय दिला. पिवळं पाणी बाहेर आलं. तीन आठवड्यांनंतर! फोम टाकून द्यावा लागला. नवा फोम, नवं कापड, कनेक्टर, सगळं मिळून साडेअकरा हजाराला पडलं. दोन किलो हळदीपायी.

तर तुमच्याकडे येऊ. मी केमिस्ट नाही, डिटेलिंगवालाही (गाडीची बारकाईने सफाई करणारा) नाही, बी.कॉम. झालेला माणूस आहे. पोळून शिकलोय तेवढंच सांगतो. काहीही लावायच्या आधी सीटच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, लावून बघा. कापडाचा रंग उतरला तर मला बोल लावू नका.

तुमची हळद वाटीतली, म्हणजे तेल आणि बहुतेक दुधा-दह्याची. चार दिवसांत ती वाळली असणार. आधी जुन्या एटीएम कार्डाने खरवडून काढा, मग व्हॅक्यूम. ओलं फडकं नाही. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. त्यामुळे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तेच. रंगीत स्पिरिट नको, जेलवालं सॅनिटायझर नको. पांढऱ्या सुती कापडाला लावा, थेट सीटवर ओतू नका. घासायचं नाही, टिपायचं, आणि कडेकडून मधे यायचं. कापड पिवळं झालं की घडी बदलायची. माझ्या पुढच्या प्रसंगात (हो, पुढचाही झाला, सांगलीत राहून सुटका नाही) अर्धी जुनी बनियन खर्ची पडली, पण डाग फिका झाला. चारही दारं उघडी ठेवा, त्याच्या वाफा डोक्यात जातात आणि ते पेट घेतं, त्यामुळे आसपास विडी-सिगारेट नको.

तेलासाठी नंतर लोकरीचे कपडे धुवायचं लिक्विड, अगदी थेंबभर, कारण ते सौम्य असतं. साबण पावडर, सोडा, भांड्यांची वडी यातलं काही नको. पाणी आरओचं घ्या. आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड, वाळल्यावर त्याचंच पांढरं कडं उमटतं आणि मग माणूस ते कडं घालवायला आणखी पाणी लावतो.

एवढ्यात कोणी घरातल्याने आधीच साबण लावून डाग लाल केला असेल तर घाबरू नका. पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून टिपा, लाल पुन्हा पिवळा होतो. म्हणजे डाग गेला असं नाही, मूळपदावर आला. तिथून अल्कोहोल. पण व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू तयार होतो, बंद गाडीत तर जिवावर बेतेल. ब्लीचिंग तशीही सीटला लावू नका.

टिपून झालं की ओलसर भागावर पांढरा टॉवेल ठेवून वर दोन जाड पुस्तकं ठेवा. वाळताना ओल वर येते आणि डाग घेऊन येते. म्हणूनच ‘काल गेला होता, आज परत आला’ असं होतं. तो डाग टॉवेलात येऊ दे. मग उघड्या दारात टेबलफॅन, रात्रभर.

उरलेल्या फिकट पिवळ्यावर जगातलं सर्वात स्वस्त औषध ऊन. हळदीचा रंग उजेडात उडतो, म्हणून आई हळद लागलेली साडी धुवून कडक उन्हात टाकायची. आता मृग लागलाय, साताऱ्यात ऊन कुठून आणणार, ठाऊक आहे. पण जे दोन-तीन तास मिळतील ते घ्या, गाडी फिरवून डाग उन्हाकडे ठेवा. ऊन नसेल त्या दिवशी गाडी मोकळ्यावर उभी करून एसी चालू करा, हवा बाहेरची घ्या, जोडीला हीटर द्या. एसी ओल खेचून घेतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, हे वेगळं सांगायला नको.

छत. तिथे फार काही करू नका. छताचं कापड पातळ फोमला आणि फोम मागच्या पुठ्ठ्यासारख्या तक्त्याला डिंकाने चिकटवलेला असतो. ओलं करून चोळलं की डिंक सुटतो आणि कापड शामियान्यासारखं खाली लोंबतं. कोरडं खरवडा, अगदी थोडं अल्कोहोल, दोनदा टिपा, थांबा. माझ्या छतावर सहा वर्षं नखाएवढा पिवळा ठिपका होता. वर कोण बघतंय! सीटबेल्टला लागली असेल तर फक्त सौम्य साबण-पाणी, आणि पूर्ण वाळल्याशिवाय आत जाऊ देऊ नका.

पुढे संरक्षणाचं. ते कापडावर मारायचे स्प्रे, स्कॉचगार्डसारखे, मी वापरलेत. सांडलेला चहा थेंब होऊन राहतो, पुसायला वेळ मिळतो, हे खरं. पण बसून-उठून थर झिजतो, पुन्हा मारावा लागतो, आणि तेलातल्या हळदीपुढे त्याचं फार चालत नाही. जुन्या स्कॉचगार्डमधला एक घटक आरोग्य-पर्यावरणाच्या कारणाने बंद करत असल्याचं ते बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने 2000 सालीच जाहीर केलं होतं, त्यामुळे जे घ्याल त्याच्या डब्यावरचं वाचा. मारायचाच तर स्वच्छ, खडखडीत वाळलेल्या सीटवर. म्हणजे दिवाळीच्या आधी नाही. ओल्या सीटवर मारला तर ओल आत कोंडते.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मागच्या सीटवर सोलापुरी चादर. धुता येते, जाड असते, थोड्या पैशांत काम होतं. शिवलेले कव्हर घालणार असाल आणि पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर त्या बाजूची शिवण एअरबॅग फुगताना उसवणारी आहे का ते विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि बेज इंटिरियर ज्याने आपल्या देशात आणलं त्याने बहुधा कधी भडंग खाल्लं नसावं. (भडंगाच्या तेलाचा डाग असेल तर कॉर्नफ्लोअर भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम.)

कोणी म्हणेल चांगले डिटेलिंगवाले असतात. असतात. पाणी ओढून घेणारं एक्स्ट्रॅक्शन मशीन असलेला, सीट काढून धुणारा, आणि दोन दिवस गाडी ठेवून वाळवून देणारा कोणी मिळाला तर ऑक्टोबरच्या उन्हात जरूर द्या. त्याला आधी एवढंच विचारा, “तुमचा फेस अल्कलीचा आहे का?” गोंधळला तर परत या.

आणि 2019 च्या पुरासारखं पाणी गाडीत शिरलं असेल, तर वरचं यातलं काहीही लागू नाही. ते गटाराचं पाणी, तिथे फोम टाकूनच द्यायचा.

रविवारची वेळ घेतली असेल तर आत्ताच फोन करा. आणि डागाचा दिवसाउजेडी काढलेला फोटो टाका, लाल आहे की पिवळा तेवढं दिसलं की पुढचं सांगतो.