सहा स्विचची पेटी: आर्डुइनो लागेल का?

खेळासाठी कोड्याची पेटी करताय आणि सहा स्विच बरोबर लावले की झाकण उघडायचं, एवढंच असेल तर आर्डुइनोची (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाची) गरज नाही. तीन पायांचे टॉगल स्विच घ्या. मधला पाय सामाईक असतो. 'वर' बरोबर असेल तर एका बाजूचा पाय वापरायचा, 'खाली' असेल तर दुसऱ्या. सगळे एकामागोमाग सिरीजमध्ये जोडून १२ व्होल्टच्या रिलेच्या (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या) कॉइलला द्या. मॅग्नेटिक लॉकचा पुरवठा रिलेच्या एनसी (कॉइलला वीज नसताना जोडलेल्या) टोकातून न्या, म्हणजे जुळणी जमली की लॉकची वीज तुटते.

मॅग्नेटिक लॉकच घ्या, कारण वीज गेली तर तो आपोआप सुटतो. लॉक आणि कॉइल दोन्हींवर १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा लावा (पट्टीची बाजू प्लसला), नाहीतर रिलेचे काँटॅक्ट लवकर जळतात. अ‍ॅडॅप्टर पेटीबाहेरच ठेवा, खेळणाऱ्यांच्या हाताशी फक्त १२ व्होल्ट.

सहा स्विच म्हणजे ६४च जुळण्या. खेळणारे खटाखट फिरवून कोडं न सोडवताच पेटी उघडतात, हमखास! म्हणून त्याच सिरीजमध्ये एक पुश बटण टाका. दर वेळी दाबावं लागलं की हा उत्साह बराच मावळतो.

आणि झाकणाखाली छोटी स्प्रिंग हवीच. नाहीतर लॉक सुटला तरी झाकण जागचं हलत नाही, आणि कुणाला पत्ताच लागत नाही.