शिकारीसाठी राखलेलं सरकारी जंगल वन्यजीव खातं स्वतःच का जाळतं? आतले प्राणी मरत नाहीत का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत दक्षिण जॉर्जियात नुकतेच राहायला आलात, रविवारी घराजवळच्या 'वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया'त फिरायला गेलात, तर पाइनचं अख्खं रान बुंध्याशी काळं पडलेलं. वर फाटकावर पाटी, की ही आग खात्यानेच लावली आहे. शिकाऱ्यांना सावज नीट दिसावं म्हणून हा उद्योग चालतो का, असा तुमचा संशय.

मलाही तोच आला होता. मी मूळची मावळातली. आमच्याकडे डोंगर पेटला की हातात ओली डहाळी घेऊन सगळे वर धावायचे. आग म्हणजे विझवायची गोष्ट, एवढंच डोक्यात बसलेलं. नऊ वर्षांपूर्वी आम्ही फ्लोरिडात टॅलाहासीजवळ राहायला आलो. शेजारचे आजोबा जुने शिकारी. त्यांच्या नादाने मी प्राथमिक प्रशिक्षण घेतलं आणि गेले चार हिवाळे स्वयंसेवक म्हणून अशा आगींवर जाते. नोकरी फार्मसीत करते, त्यामुळे हे उत्तर जाळरेषेवर, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर, पाठीला पाण्याची टाकी लावून उभ्या राहणाऱ्या बाईचं आहे एवढं ध्यानात ठेवा.

आधी तुमच्या संशयाबद्दल. जळलेल्या रानातून चालणं सोपं जातं, लांबचंही दिसतं, हे खरं. पण बहुतेक आगी जानेवारी ते मार्चमध्ये लागतात, म्हणजे हरणांचा हंगाम संपत आल्यावर किंवा संपल्यावर. उलट शिकारीच कुरकुरतात. टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला आणि नेमका माझाच कोपरा जाळला, ही तक्रार मी दरवर्षी ऐकते.

खरं कारण त्या पाइनमध्ये आहे. तुम्ही पाहिलात तो बहुधा लाँगलीफ पाइन. व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत एकेकाळी याची सुमारे ९ कोटी एकर राने होती. तोड, शेती आणि आग बंद करण्याचं धोरण यांनी त्यातली जेमतेम ३ टक्के शिल्लक ठेवली. हल्ली पुन्हा लागवड करून थोडी वाढवली आहेत. या भागात विजा भरपूर पडतात, आणि त्याच्या जोडीला मस्कोगीसारखे मूळचे लोक हजारो वर्षं रान जाळत आले. त्यामुळे हे झाड आगीबरोबरच वाढलंय. त्याचं रोप पहिली काही वर्षं झाडासारखं दिसतच नाही, गवताचा झुबकाच वाटतो. मी पहिल्या वर्षी तसल्या एका झुबक्यावर चक्क बसणार होते! आग आली की बाहेरच्या लांब सुया करपतात, मधला कोंभ शाबूत राहतो. जमिनीखाली मूळ भक्कम झालं की रोप एकदम सरळ वर सुटतं आणि पुढची आग येईपर्यंत शेंडा ज्वाळांच्या वर काढतं.

आता पाच-सात वर्षं आग लागलीच नाही असं धरा. स्वीटगम आणि ओकची झुडपं माजतात, जमिनीवर ऊन पोचत नाही, वायरग्रास नावाचं तिथलं गवत मरतं. वरून बघाल तर रान हिरवंगार. आत मात्र लावरी नाही, कासव नाही, खायला शेंगवर्गी रोपं नाहीत. आपल्याला हिरवं म्हणजे चांगलं असं वाटतं, आणि घोळ तिथेच होतो.

लावरीचं उदाहरण घेते, कारण या सगळ्या शास्त्राची सुरुवातच तिच्यापासून झाली. इथली लावरी म्हणजे बॉबव्हाइट. तिचं अंड्यातून निघालेलं पिल्लू सुपारीएवढं असतं. त्याला जमिनीवर पळत पळत किडे टिपायचे असतात. तीन-चार वर्षांचं वाळलेलं गवत आडवं पडून गादी झाली असेल, तर ते सुपारीएवढं पोर त्यातून चालणार कसं? त्याला खाली मोकळी माती हवी आणि वर डोक्यावर पानांचं छत, म्हणजे ससाण्याला दिसणार नाही. जळून गेल्यावर पहिल्या-दुसऱ्या वर्षी रान नेमकं असं होतं.

१९२० च्या दशकात टॅलाहासी आणि थॉमसव्हिल यांच्यामधल्या टेकाडांवर श्रीमंतांच्या शिकारीच्या जमिनी होत्या. तिथली लावरी कमी का झाली हे शोधायला हर्बर्ट स्टॉडर्ड या माणसाला १९२४ मध्ये आणलं. त्याने निष्कर्ष काढला की आग थांबवली म्हणून. त्या काळी वनखात्याचा सगळा प्रचार आगीविरुद्ध होता. त्याचं काम १९३१ मध्ये छापून येण्याआधी आगीवरचं प्रकरण त्याला पुन्हा पुन्हा सौम्य करून लिहावं लागलं. पुढे त्याच परिसरात १९५८ मध्ये टॉल टिंबर्स ही संशोधन संस्था उभी राहिली, आणि फ्लोरिडाने १९९० मध्ये नियोजित आगीसाठी वेगळा कायदाच केला.

आग लावायचा दिवस कसा असतो ते सांगते, म्हणजे 'जाळून टाकलं' आणि 'जाळलं' यातला फरक कळेल. परवाना आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी मिळतो. हवेतली आर्द्रता साधारण ३० ते ५५ टक्क्यांच्या मधे हवी. वारा एका दिशेने, न थांबता वाहणारा हवा. बिनवाऱ्याचा दिवस इथे वाईट समजतात, कारण मग आग कुठेही वळते आणि धूर तिथेच बसतो. तो निदान पाचशे मीटर वर चढेल अशी हवा लागते. यातलं एक जरी बिघडलं तरी गाड्या परत. मी चार हिवाळ्यांत जितक्या वेळा आग लावली, जवळपास तितक्याच वेळा कॉफी पिऊन घरी आले आहे.

जमलं, तर आधी कोपऱ्यात हातभर जागा पेटवून बघतात, आग आणि धूर अंदाजाप्रमाणे चाललेत का. मग वारा ज्या बाजूला जातोय त्या कडेला, नांगरून काढलेल्या जाळरेषेला लागून सुरुवात. पेटवायला ड्रिप टॉर्च नावाची किटली असते. तिच्यात डिझेल जास्त आणि पेट्रोल कमी. तिच्या चोचीतून पेटते थेंब टपकत राहतात आणि माणूस शेताला पाणी पाजल्यासारखा चालत जातो. ही पहिली आग वाऱ्याच्या तोंडाला उलटी सरकते, गुडघ्याएवढीसुद्धा नसते. तव्यावर तीळ तडतडावेत तसा आवाज येतो. ती काळा पट्टा रुंद करत गेली की मगच आतल्या पट्ट्यांना वाऱ्याबरोबर पळणारी आग देतात. ती पुढे येऊन काळ्या पट्ट्यावर आपोआप मरते. माझं काम म्हणजे जाळरेषेपलीकडे ठिणगी गेली का बघणं आणि गेली की रबरी झापडीने ती दाबणं. चार तासांत डोळे लाल, नाकात काजळी, आणि संध्याकाळी वाळक्या ओंडक्यांवर पाणी मारत बसायचं ते वेगळंच.

प्राणी मरतात का? काही मरतात. नाही म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण मोठी जनावरं आरामात बाजूला होतात, कारण आग माणसाच्या चालीने किंवा त्याहून हळू येत असते आणि शेजारचा तुकडा न जाळता ठेवलेला असतो. साधारण दोन-तीन वर्षांच्या फेऱ्याने तुकडे पाळीपाळीने जाळतात. इथल्या गोफर कासवाचं बीळ साडेचार-पाच मीटर लांब असतं. त्यात साप, बेडूक, उंदीर, किडे असे ३५० हून जास्त जातींचे जीव नोंदले गेले आहेत. आग वरून निघून जाते, सगळे आपले तळघरात. एकदा राख गरम असतानाच बिळाच्या तोंडाशी एक कासव येऊन उभं राहिलेलं मी पाहिलं, पाहुणे गेले का हे बघायला यावं तसं. आणि आकाशात ससाणे घिरट्या घालत असतात, पळणारे टोळ नि उंदीर पकडायला. आपल्याकडे गवत पेटलं की कोतवाल जमतात, अगदी तसंच.

घरट्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. टर्की आणि लावरी जमिनीवर अंडी घालतात. एप्रिलनंतर जाळलं तर काही घरटी जातात. मग फक्त हिवाळ्यातच का जाळत नाहीत? कारण वायरग्रासला फुलं-बी धरायला उन्हाळी आगच लागते, आणि झुडपांची मुळंही तेव्हाच नीट मार खातात. घरटं गेलं तर मादी बहुतेकदा दुसरं करते, रान गेलं तर काय करणार? तरीही कुठल्या तुकड्याला कुठला महिना, यावर खात्यातली माणसंच आपसात भांडतात. मला विचाराल तर ते भांडण चालू राहणंच बरं.

तुम्ही जवळून पाहिलं असेल तर काही जिवंत पाइनवर मेणबत्ती वितळल्यासारखे पांढरे ओघळ दिसले असतील. ते लाल कल्ल्याच्या सुतारपक्ष्याचं काम. तो ढोलीभोवती टोचे मारून राळ वाहती ठेवतो, म्हणजे साप वर चढत नाही. खाली झुडपं माजली की तो जागा सोडून जातो. त्याला कोणी शिकारीसाठी पाळत नाही, पण लावरीसाठी केलेल्या आगीवर तोही तरतो. १९७० पासून तो संकटग्रस्त यादीत होता, २०२४ मध्ये त्याला एक पायरी सुधारून 'धोक्यात' या वर्गात आणलं.

पैसा कुठून येतो, हेही विचारलंय तुम्ही. बराचसा शिकाऱ्यांच्याच खिशातून. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर १०-११ टक्के केंद्रीय कर आहे. तो राज्यांना वन्यजीवांसाठीच मिळतो, शिवाय परवान्यांची फी. शिकार मला आवडत नाही, मी कधी केलेली नाही. पण हिशोब असा आहे.

धोका नाही असं मुळीच नाही. जानेवारी २००८ मध्ये फ्लोरिडात अशीच एक आग हाताबाहेर गेली, धूर आणि धुकं मिसळून आय-४ महामार्गावर काही दिसेना, सत्तरएक गाड्या आदळल्या, माणसं गेली. एप्रिल २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत नियोजित आग निसटली आणि शेवटी ३ लाख ४० हजार एकरांहून जास्त जळलं. म्हणून तर ती कॉफी पिऊन परत येण्याची शिस्त.

आणि हे वाचून कोणी सह्याद्रीत काडी टाकू नका. भातासाठी राब भाजणं वेगळं, आणि 'गवत चांगलं येतं' म्हणून मार्चमध्ये डोंगर पेटवून घरी जाणं वेगळं. तिथली झाडं लाँगलीफ नाहीत, आणि त्या आगीला ना जाळरेषा असते ना राखण. आपल्याच देशात काझीरंगात गवत जाळतात ते गेंड्यांना उपयोगी पडतं, पण मानस अभयारण्याच्या बाजूला तशीच बेफाम जाळपोळ पिग्मी हॉग या इवल्या रानडुकराच्या मुळावर उठली.

तुम्ही तिथे पुन्हा जा. आठ-दहा दिवसांतच काळ्यावर पोपटी कोंब दिसतील आणि सकाळी हरणं त्यावर तुटून पडलेली असतील. एप्रिलमध्ये गेलात तर टर्कीचा हंगाम चालू असेल, तेव्हा लाल, पांढरे किंवा निळे कपडे घालू नका. नर टर्कीच्या डोक्याचे हेच रंग असतात, आणि झाडाआड बसलेला शिकारी नेमकं तेच शोधत असतो. तिथे शिरायलाही पास लागतो का, ते फाटकावरच्या पाटीवर आधी बघा.