‘प्रशिक्षण कमान’ की ‘ट्रेनिंग कमांड’?

प्रश्न असा आलाय की हवाई दलाच्या एका बातमीत ‘प्रशिक्षण कमानीचे प्रमुख’ असं वाचलं, तर ही कमान कसली, आणि तिच्याऐवजी साधं ‘प्रशिक्षण विभाग’ लिहिलं तर चालेल का. शिवाय इंग्रजीत तिला फॉर्मेशन म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं, असंही विचारलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मराठीत कमान नको आणि विभाग तर अजिबात नको, सरळ ‘ट्रेनिंग कमांड’ लिहावं, फार तर ‘प्रशिक्षण कमांड’.

कमान हा शब्द मराठीत काही नवा नाही, फारसीतून आलेला जुना शब्द आहे, मूळ अर्थ धनुष्य, मग त्या आकारावरून दरवाज्याची कमान, पुलाची कमान, आणि कोणाची भरभराट होत असली की ‘चढती कमान’. हिंदीत मात्र याच उच्चाराचा दुसरा एक शब्द आहे, तो इंग्रजी कमांडचा फौजेत, बराकीत घासून गुळगुळीत झालेला अवतार. त्यातूनच आलाकमान, कमान अधिकारी, कमान संभालना. सरकारी हिंदीत म्हणून ‘प्रशिक्षण कमान’, ‘अनुरक्षण कमान’ अशीच नावं आहेत आणि हिंदीत ती बरोबरच आहेत. आपल्याकडे भाषांतर करताना ती तशीच उचलली जातात आणि मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर दगडी वेस उभी राहते. आपण तर आलाकमानसुद्धा कधी म्हणत नाही, हायकमांड म्हणतो किंवा पक्षश्रेष्ठी. हल्ली ‘संघाची कमान अमुककडे’ असंही सर्रास दिसतं, तिथे आपल्याकडे धुरा आहे, सूत्रं आहेत, ते शब्द असे विनाकारण मागे पडतायत याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता विभाग का नको, हे कळायला थोडा इतिहास बघावा लागेल, कारण खरी गोम तिथेच आहे.

कमांड हे हवाई दलातल्या इतक्या मोठ्या रचनेचं नाव म्हणून रुळलं ते ब्रिटनमध्ये, १९३६ साली. जर्मनी शस्त्रसज्ज होत होती, रॉयल एअर फोर्स झपाट्याने वाढवायचं ठरलं होतं आणि आधीची प्रदेशवार वाटणी त्या वाढीला पुरी पडेना, मग कामावर आधारलेल्या कमांड केल्या गेल्या: बॉम्बर, फायटर, कोस्टल आणि ट्रेनिंग. म्हणजे १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात जर्मनांशी झालेल्या लढाईने जिचं नाव जगभर झालं ती फायटर कमांड आणि वैमानिक घडवणारी ट्रेनिंग कमांड, दोघींना नाव एकच, दर्जाही त्याच तोडीचा. हे मुद्दाम केलेलं होतं असं मला वाटतं, कारण विमानं कारखान्यातून महिन्याला शेकड्याने काढता येतात पण वैमानिक तसा काढता येत नाही, त्याला वेळ लागतो, शिकवणारे लागतात, वेगळी विमानं आणि वेगळे तळ लागतात. युद्ध सुरू झाल्यावर काम इतकं फुगलं की १९४० च्या मे महिन्यात ट्रेनिंग कमांडच्या दोन कराव्या लागल्या, फ्लाइंग ट्रेनिंग कमांड उड्डाणाचं शिकवायला आणि टेक्निकल ट्रेनिंग कमांड जमिनीवरच्या तंत्रज्ञांसाठी. त्या १९६८ मध्ये परत एकत्र आल्या आणि १९७७ मध्ये सपोर्ट कमांडमध्ये मिसळल्या.

आपल्या हवाई दलाने ही रचना तिथूनच घेतली. बेंगळुरूची ट्रेनिंग कमांड १९४९ ची. तिरुअनंतपुरमची सदर्न एअर कमांड १९८४ मध्ये आली, म्हणजे शिकवणारी कमांड एका लढणाऱ्या कमांडपेक्षा पस्तीस वर्षांनी थोरली आहे. आज एकूण सात कमांड आहेत, पाच लढाऊ (दिल्ली, प्रयागराज, शिलाँग, गांधीनगर, तिरुअनंतपुरम) आणि दोन कामानुसार, एक बेंगळुरूची ट्रेनिंग आणि दुसरी आपल्या नागपूरची मेंटेनन्स. सातही ठिकाणी प्रमुख एअर मार्शल हुद्द्याचा असतो.

आणि हाताखालचा पसारा बघा. खडकवासल्याच्या एनडीएत तीन वर्षं काढलेला हवाई दलाचा कॅडेट पुढे हैदराबादजवळ दुंडीगलच्या एअर फोर्स अकॅडमीत जातो (एनडीए स्वतः तिन्ही दलांची आहे, ती या कमांडखाली येत नाही, यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो). दुंडीगलला पहिली उड्डाणं पिलाटस विमानावर, हे २०१३ मध्ये दाखल झालं, त्याआधी एचपीटी-३२ दीपक होतं, त्याचं उड्डाण २००९ मध्ये बंद केलं गेलं आणि मधली काही वर्षं सुरुवातीच्या शिक्षणाची मोठीच अडचण होऊन बसली होती, किरण या जुन्या प्रशिक्षण जेटवर भागवावं लागलं. पुढे वाटा फुटतात: हेलिकॉप्टरवाले हकीमपेटला, मालवाहू विमानांचे येलहंकाला, लढाऊ विमानांवर जाणारे शेवटी बिदरला हॉकवर. हॉक २००८ पासून आहे, त्याच्याआधी प्रशिक्षणाचं प्रगत जेट आपल्याकडे नव्हतं, मुलं थेट मिग-२१ वर चढायची, आणि त्याची किंमत किती जणांनी मोजली ते जुन्या लोकांना चांगलं आठवत असेल.

याखेरीज जलहळ्ळीचं टेक्निकल कॉलेज. चेन्नईजवळ तांबरमची फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूल, जिथे शिकवणाऱ्यांनाच शिकवतात, ती १९४८ ला अंबाल्यात सुरू झाली आणि १९५४ मध्ये तांबरमला गेली. बेळगावजवळचं सांबरा मराठी वाचकांच्या जास्त ओळखीचं असेल, अधिकारी नव्हे तर एअरमन म्हणून भरती झालेल्या पोरांचं पहिलं ट्रेनिंग तिथे होतं.

एवढं सगळं, स्वतःचे तळ, स्वतःची विमानं, स्वतःची हुकूमाची साखळी, याला ‘विभाग’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं मंत्रालयात किंवा कंपनीत असतो तसा एखादा मजला, चार टेबलं आणि वार्षिक कार्यक्रमाचं कॅलेंडर. त्या शब्दात हुकूम नाहीच. कमांडमध्ये तो आहे, आणि ते वजन सोडून देऊन भाषांतर करण्यात काही अर्थ नाही.

कोणी ‘मुख्यालय’ सुचवेल. पुण्यातल्या लष्कराच्या सदर्न कमांडला ‘दक्षिण मुख्यालय’ लिहायची पद्धत आहेच आणि पुण्यापुरतं ते चालून जातं, तिथे मुख्यालयच डोळ्यासमोर असतं. पण मुख्यालय ही कमांडची एक जागा झाली, कमांड म्हणजे तिच्यासकट सगळे तळ. ‘प्रशिक्षण मुख्यालयाचं मुख्यालय बेंगळुरूत आहे’ असं वाक्य लिहायची वेळ आली की ते आपोआप कळतं. आणि पुण्यात रिक्षावाल्यापासून सगळे सदर्न कमांडच म्हणतात, म्हणजे शब्द लोकांच्या तोंडात कधीचा बसलाय. स्त्रीलिंगी चालतो, कमांडचा, कमांडला, कमांडमध्ये, काही अडत नाही. पलटण आणि गारद असेच फौजेच्या वाटेने आले आणि आपले झाले.

फॉर्मेशनचं मात्र एका शब्दात उत्तर देता येणार नाही, कारण त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ आहेत. बिदरच्या सूर्यकिरण या हवाई कसरती करणाऱ्या पथकाची नऊ विमानं आकाशात जी आकृती करून उडतात तेही फॉर्मेशन, तिथे ‘रचना’ छान बसतं. पण ट्रेनिंग कमांडला फॉर्मेशन म्हणतात तेव्हा अर्थ असतो अनेक तळ आणि तुकड्या एका प्रमुखाखाली आणून केलेलं मोठं सैनिकी संघटन. तिथे रचना लिहिलं तर विमानं ओळीत उडतायत असंच वाटेल, आणि तुकडी लिहिलं तर ते फारच लहान होतं. मी अशा ठिकाणी फॉर्मेशन हा शब्द गाळूनच टाकतो, कारण ‘हवाई दलाची ट्रेनिंग कमांड’ एवढं म्हटल्यावर त्यात तो अर्थ आलेलाच असतो.