४ किलोच्या मांजरीने ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी गिळली, पण ती खेळतेय. ओकारी काढायला मिठाचं पाणी पाजू का?

नको. मिठाच्या पाण्याने सोडियम वाढून झटके येतात. हायड्रोजन पेरॉक्साइडने मांजरीच्या जठराला रक्तस्राव होईपर्यंत इजा होते. दूधही नको, त्यात कॅल्शियम असतं आणि इथे धोका नेमका त्याचाच.

तुमची मांजर ४ किलोची, गोळी ६०,००० युनिटची. म्हणजे किलोमागे १५,०००, आणि ४,००० पासूनच त्रास सुरू होऊ शकतो. ती आत्ता खेळतेय यावर जाऊ नका. उलट्या, जास्त तहान, मलूलपणा ही लक्षणं बऱ्याचदा १२ ते ३६ तासांनी दिसतात आणि तोवर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर ताण आलेला असतो.

गोळीचं रिकामं पाकीट, गिळल्याची वेळ आणि मांजरीचं वजन हाताशी ठेवून डॉक्टरांना फोन करा, मग निघा. गोव्यात असाल तर पणजीत टोंकाला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, पण रात्री किंवा रविवारी विचारल्याशिवाय जाऊ नका. म्हापसा-मडगावचे खाजगी दवाखानेही फोन करूनच गाठा. पहिल्या दोनेक तासांत पोचलात तर डॉक्टर इंजेक्शन देऊन ओकारी काढू शकतात. पुढचे तीन-चार दिवस रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं) तपासून घ्या, पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तरी.

पाकिटावर लोह किंवा अल्फा लिपोइक ॲसिड असेल (मधुमेहींच्या हातापायांना मुंग्या येतात त्यावरच्या गोळ्यांत असतं) तर तेही आवर्जून सांगा. विष शोषायला डॉक्टर देतात ती कोळशाची पूड लोहाला धरत नाही, आणि लिपोइक ॲसिड मांजरीच्या यकृताला कुत्र्यापेक्षा कितीतरी जास्त बाधतं. नुसत्या ‘क’ जीवनसत्त्वाच्या एका गोळीने सहसा जुलाबापलीकडे काही होत नाही.