वाचकांचे प्रश्न : घेतलेलं परत करणं, ठरलेलं वेळेवर देणं

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये पैसा, मजुरी आणि जिभेचा वापर यांविषयीचे प्रश्न जास्त आहेत. म्हणून विवाहाविषयीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. उत्तरं कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही वाचकांसाठी आहेत. जिथे शिकवण वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

प्रभूमध्ये सलाम. आमच्या मंडळीच्या तरुण संघाला ख्रिस्ती नीतीचा अभ्यास सुरू करायचा आहे. मागच्या वेळी प्रत्येक बैठकीत नुसता वाद झाला आणि महिन्याभरात लोक यायचे बंद झाले. नेमकं कसं करावं?
— तरुण संघाचे चिटणीस, अहिल्यानगर जिल्हा

वादाचं मूळ बहुधा विषयाच्या निवडीत असतं. फाशी, गर्भपात, राजकारण हे विषय पहिल्याच बैठकीत घेतले की प्रत्येक जण घरूनच मत ठरवून येतो आणि वचनं फक्त ते मत सिद्ध करण्यासाठी शोधतो. सुरुवात चोरीच्या आणि खोट्या साक्षीच्या आज्ञेपासून करा. या दोन आज्ञा दुकान, शाळा, तलाठी कार्यालय, मोबाइल अशा सगळ्या ठिकाणी रोज आपल्यासमोर येतात.

तुमच्यात कॅथलिक मुलंही येत असतील तर आज्ञा क्रमांकाने सांगू नका, नावाने सांगा. कॅथलिक आणि लुथरन परंपरेत चोरीची आज्ञा सातवी आहे, बाकीच्या बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत आठवी. मूर्तीविषयीची आज्ञा स्वतंत्र मोजायची की पहिलीतच धरायची, यावरून पुढचे क्रमांक बदलतात. हे माहीत नसलं तर ‘सातवी आज्ञा’ म्हटल्यावर एकाला चोरी आठवते आणि दुसऱ्याला व्यभिचार, आणि दहा मिनिटं त्यातच जातात.

बैठक ७५ मिनिटांची ठेवा, माणसं सहा ते दहा. त्याहून जास्त झाली तर दोन गट करा, नाहीतर तिघेच बोलतात. पहिली १५ मिनिटं उताऱ्याला द्या: दहा ते वीस वचनं, मागचा-पुढचा परिच्छेद धरून, शक्य असेल तर दोन भाषांतरांतून. नुसत्या निर्गम २० वर थांबू नका. चोरीसाठी निर्गम २२:१-१५ वाचा, कारण भरपाईचा हिशेब तिथे आहे. शब्दाच्या खरेपणासाठी मत्तय ५:३३-३७ वाचा. पुढची ३५ मिनिटं एका प्रसंगाला द्यायची. तो पाच-सहा वाक्यांत कागदावर लिहून आणायचा आणि तो तुमच्याच मंडळीतल्या कोणाचा नसावा. हा नियम मोडला की अभ्यासाच्या नावाखाली निंदा सुरू होते. गट फुटण्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

प्रसंग तीन बाजूंनी तपासा: कृती, हेतू, परिस्थिती. १३व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी नीट मांडलेली ही रीत कॅथलिक शिकवणीत आजही वापरली जाते, आणि प्रोटेस्टंट गटालाही ती उपयोगी पडते. उदाहरण घ्या. एका बापाने आरटीईच्या २५ टक्के जागांमधून मुलाला चांगल्या शाळेत घालण्यासाठी उत्पन्नाचा खोटा दाखला काढला. कृती काय? अधिकृत कागदावर खोटं विधान, आणि त्या जोरावर आपल्या हक्काची नसलेली जागा घेणं. हेतू काय? मुलाचं शिक्षण, हेतू चांगला आहे. परिस्थिती काय? शाळेची फी परवडत नाही, ‘सगळेच करतात’ असं सांगणारा एजंट भेटला आहे, आणि जागा मोजक्या आहेत. परिस्थितीमुळे बापाचा दोष कमी-अधिक ठरू शकतो, पण वाईट कृती चांगली होत नाही. चांगलं व्हावं म्हणून वाईट करण्याला पौलाने रोमकरांस ३:८ मध्ये थारा दिलेला नाही. गट इथे थांबला तर अभ्यास अर्धा राहतो. पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: ती जागा कोणाची गेली? ज्याच्याकडे खरा दाखला होता अशा एखाद्या गरीब घरच्या मुलाची. त्या मुलाला नजरेसमोर ठेवून चर्चा केली की तिचा सूर बदलतो, कारण मघापर्यंत सगळे फक्त बापाच्या अडचणीविषयी बोलत असतात.

शेवटी १५ मिनिटं निर्णयाला आणि १० प्रार्थनेला. ‘आपण प्रामाणिक राहिलं पाहिजे’ हा निर्णय धरू नका. प्रत्येकाने वहीत एक काम लिहायचं: काय करणार, कोणाकडे, कुठल्या वारी. वही दुसऱ्याला दाखवायची सक्ती नको. पुढच्या बैठकीत फक्त ‘झालं’ की ‘राहिलं’ एवढंच विचारा.

मी एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब पाहत होतो. काही वर्षं गल्ल्यातून थोडे थोडे पैसे घेतले. फादरांकडे पापनिवेदन केलं आहे. मालक आता हयात नाहीत, दुकानही बंद झालं. आता चर्चच्या दानपेटीत तेवढी रक्कम टाकली तर चालेल का?
— एक वाचक, वसई

मालकांचे वारस असतील तर चालणार नाही. पैसे ज्याचे होते त्याला, तो नसेल तर त्याच्या वारसांना द्यायचे असतात. खूप शोधूनही वारस मिळाले नाहीत, तरच ती रक्कम गरिबांसाठी किंवा धर्मकार्यासाठी द्यावी. दुसऱ्याचे पैसे दान केल्याने त्याचं देणं फिटत नाही.

पापनिवेदनात मिळालेली क्षमा खरी आहे. तिच्याविषयी शंका धरू नका. पण क्षमा झाली म्हणजे नुकसान भरून निघालं असं नाही, आणि शक्य ती भरपाई करणं हा पश्चात्तापाचाच भाग आहे, असं कॅथलिक धर्मशिक्षण स्पष्ट सांगतं. प्रोटेस्टंट वाचकांनीही इथे क्रम नीट पाहावा. लूक १९ मध्ये येशू आधी जक्कय या जकातदाराच्या घरी येतो, आणि मग जक्कय चौपट परत देण्याचं बोलतो. भरपाई ही क्षमेची किंमत नाही. क्षमा मिळालेला माणूस मोकळेपणाने करतो ते हे काम आहे.

आता रक्कम. प्रत्येक नोटेचा हिशेब आठवणार नाही. कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती, असे दोन आकडे लिहा आणि मनाशी प्रामाणिकपणे पटेल असा आकडा ठरवा. शंका राहिली तर फादरांशी बोला. वर किती द्यावं? लेवीय ६:१-७ आणि गणना ५:५-८ मध्ये मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा असा नियम आहे. मेंढरू चोरून विकणाऱ्याला चौपट आणि बैल विकणाऱ्याला पाचपट द्यावं लागे (निर्गम २२:१). त्या मानाने पश्चात्ताप करून कबूल करणाऱ्याला हा नियम सौम्य आहे. आज हा पाचवा हिस्सा ख्रिस्ती माणसाला कायदा म्हणून लागू नाही, पण इतकी वर्षं मालकाचे पैसे अडकले त्याचं माप म्हणून तो धरणं योग्य आहे. समजा मुद्दल ६०,००० रुपये ठरलं. पाचवा हिस्सा १२,०००, एकूण ७२,०००. महिन्याला ३,००० दिले तर २४ महिन्यांत फिटतं. घर चालवायला पैसे उरत नसतील तर हप्ता कमी करा, मुदत वाढवा. ऐपत नसताना देणं पुढे ढकलता येतं, रद्द करता येत नाही.

नाव सांगायलाच हवं का? नाही. फादरांमार्फत किंवा विश्वासू माणसामार्फत, नाव न सांगता रक्कम पोचवता येते; भरपाईसाठी स्वतःची बदनामी करून घेण्याचं बंधन नाही. पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरूंना कुठल्याही कारणाने उघड करता येत नाही, त्यामुळे तिथून नाव बाहेर जाईल अशी भीती नको. मात्र मध्यस्थी करायला सांगताना ते पापनिवेदनाबाहेर वेगळं बोला, म्हणजे त्यांना हालचाल करायला मोकळीक मिळते.

एका गोष्टीचा विचार मात्र टाळू नका. पैसे कमी भरत होते तेव्हा संशय दुसऱ्या कोणावर गेला होता का? एखाद्या पोऱ्याला त्यापायी काढून टाकलं होतं का? तसं असेल तर नुकसान दोघांचं झालं आहे, आणि नाव न सांगता पाठवलेलं पाकीट दुसऱ्याला पुरणार नाही. त्याचं नाव मालकाच्या घरच्यांसमोर आणि ज्यांनी ज्यांनी त्याला चोर मानलं त्यांच्यासमोर स्वच्छ व्हायला हवं, आणि त्यासाठी कदाचित तुम्हाला स्वतःला पुढे यावं लागेल. बुडालेला रोजगार हाही हिशेबात धरा. हे पाऊल उचलण्याआधी फादरांशी आणि एखाद्या वकिलाशी जरूर बोला, पण बोलण्यात वर्ष घालवू नका.

घरकामाला येणाऱ्या ताईंनी महिन्यात सहा खाडे केले. चार सुट्ट्या ठरल्या होत्या. दोन दिवसांचे पैसे कापणं ख्रिस्ती नीतीला धरून आहे का? आमच्या महिला मंडळात यावर दोन तट पडले.
— एक भगिनी, पुणे

जे दोघींनी आधी मोकळेपणाने ठरवलं असेल त्याप्रमाणे कापणं अन्याय नाही. पण आधी तीन गोष्टी पाहा. ते ठरलेलं त्यांना स्पष्ट माहीत होतं का? तुम्ही गावी गेलात तेव्हा त्या दिवसांचे पैसे तुम्ही दिलेत का? खाडे आजारपणाचे होते का? तुमच्या सोयीने काम बंद राहिलं तेव्हा पैसे दिले नाहीत, आणि त्यांच्या तापाच्या दिवसांचे मात्र कापले, तर ते न्यायाला धरून नाही. आमच्या मते आजारपणाचा खाडा कापूच नये.

बायबलचा भर पगार किती कापला यापेक्षा पगार अडवून ठेवण्यावर आहे. अनुवाद २४:१४-१५ सांगतं की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचं सगळं तिच्यावर अवलंबून असतं. याकोब ५:४ मध्ये अडवलेली मजुरीच ओरडते आहे. म्हणून ‘एटीएमला जायला जमलं नाही, परवा देते’ ही साधी वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात गंभीर आहे. परवापर्यंत त्यांच्या घरचा किराणा थांबतो.

आजच करता येईल असं काही: पगाराची तारीख ठरवा आणि ती पाळा. एका वहीत दोघींसमोर सुट्ट्या आणि उचल लिहा. उचल फेडून घेताना पगाराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त एका महिन्यात कापू नका. दिवाळीला किंवा नाताळला बोनस देता, तो दया म्हणून सांगू नका. वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून टाका. घरेलू कामगार कल्याण मंडळात त्यांची नोंदणी झाली नसेल तर कागद जमवायला मदत करा. आणि बाजारात हाच दर आहे, एवढ्याने मजुरी न्याय्य ठरत नाही. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांविषयीच्या परिपत्रात हेच मांडलं: दोघांचा करार झाला तरी काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचं पोट भरेल इतकी मजुरी हवीच.

शेजारी गणपतीचा प्रसाद आणून देतात. घ्यावा की नाही? घरात सासूबाई एक सांगतात, पाळकसाहेब दुसरं.
— एक वाचक, नाशिक

हा प्रश्न करिंथच्या मंडळीने पौलाला विचारलेल्या प्रश्नाच्या फार जवळचा आहे. १ करिंथकरांस ८ ते १० हे तिन्ही अध्याय एका बैठकीत वाचा. एकच वचन काढलं तर दोन्ही बाजूंना हवं ते सापडतं. पौल पूजेच्या मेजात सहभागी होण्याला मनाई करतो (१०:१४-२२). बाजारात विकलेलं किंवा जेवणाच्या निमंत्रणात वाढलेलं चौकशी न करता खा म्हणतो. पण कोणी ‘हे नैवेद्याचं आहे’ असं सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका, असंही सांगतो (१०:२५-२९). प्रसाद हा प्रसाद म्हणूनच दिला जातो, म्हणून पुष्कळ पाळक तो खाऊ नये असं शिकवतात. त्याला या वचनांचा भक्कम आधार आहे. शेजाऱ्याचं प्रेम म्हणून तो स्वीकारणारेही श्रद्धावान ख्रिस्ती आहेत. रोमकरांस १४ दोघांनाही एकमेकांचा न्याय करण्यापासून अडवतं, आणि मनात शंका ठेवून खाऊ नये असंही सांगतं.

घेऊन गुपचूप टाकून देणं मात्र करू नका. त्यात शेजाऱ्याचा अपमान आहे आणि फसवणूकही आहे. घ्यायचा नसेल तर दारातच हात जोडून सांगा, ‘आमच्याकडे प्रसाद खात नाहीत, पण तुम्ही आठवणीने आणलात, बरं वाटलं. चहाला बसा.’ आणि नाताळला करंज्यांचं ताट त्यांच्याकडे आधी पोचवा.

मंडळीतल्या एकाविषयीची खरी माहिती व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली. खरी होती, मग पाप कसं?
— एक वाचक, मुंबई

खोटं सांगून बदनाम करणं हा एक दोष आहे, आणि योग्य कारण नसताना दुसऱ्याचा खरा दोष माहीत नसलेल्यांना सांगणं हा दुसरा. कॅथलिक धर्मशिक्षण हे दोन्ही वेगवेगळे मोजतं. पैशांची अफरातफर किंवा लहान मुलांना धोका अशी बाब असेल तर गप्प बसू नये. पण ते योग्य व्यक्तीला, गरज पडल्यास पोलिसांना सांगायचं, ग्रुपवर नाही. बाकी वेळी मत्तय १८:१५-१७ चा क्रम पाळा: आधी त्याला एकट्याला भेटा, मग एक-दोघांना घेऊन जा, त्यानंतर मंडळी.

पाठवलेला मेसेज काढून टाका, ग्रुपवर ‘हे मी पाठवायला नको होतं, पुढे पाठवू नका’ असं लिहा, आणि मग त्या माणसाला स्वतः भेटून क्षमा मागा. मजकूर पुन्हा लिहून खुलासा करू नका, कारण ज्यांनी वाचला नव्हता तेही वाचतात.