स्पॅनिशमध्ये ‘खूप’ म्हणायला ‘मुय’ कधी आणि ‘मूचो’ कधी? आणि ‘मूचो’ची मध्येच ‘मूचा’ का होते?

मीही याच जागी बरेच महिने अडकले होते, त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी ओळखीचा वाटला. माझी गाठ सुटली ती ‘खूप’ सोडून ‘बराच’ हा शब्द हाताशी घेतला तेव्हा.

‘खूप’ कशापुढेही तसाच राहतो: खूप वेळ, खूप गर्दी, खूप सुंदर, खूप चालला. म्हणून आपल्याला ‘मुय’ आणि ‘मूचो’ एकच वाटतात. आता ‘बराच’ लावून बघा. बराच वेळ, बरीच गर्दी, बरेच दिवस, बऱ्याच गोष्टी. नामाचं लिंग आणि वचन बघून रूप आपोआप बदलतं, कुणी शिकवावं लागत नाही. ‘मूचो’चंही तेच आहे: मूचो तिएम्पो म्हणजे बराच वेळ, मूचा आग्वा म्हणजे बरंच पाणी, मूचोस दिआस म्हणजे बरेच दिवस, मूचास कोसास म्हणजे बऱ्याच गोष्टी. ‘मूचास ग्रासिआस’मध्ये, म्हणजे ‘खूप धन्यवाद’मध्ये, ‘मूचास’ का, तेही यातच आलं. ‘ग्रासिआस’ स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे.

‘मुय’ कधीच बदलत नाही. तो विशेषणाच्या किंवा क्रियाविशेषणाच्या आधी येतो: मुय ग्रांदे, खूप मोठा, मुय बिएन, खूप छान. क्रियापदाबरोबर मात्र ‘मूचो’च, आणि तिथे तो बदलत नाही: ‘त्राबाखा मूचो’, म्हणजे खूप काम करतो किंवा करते, मग काम करणारा मुलगा असो की मुलगी. ‘दमलीस का?’ या प्रश्नाला एका शब्दात ‘खूप’ म्हणायचं असेल तरी ‘मूचो’च म्हणा, ‘मुय’ एकटा उभा राहत नाही. ‘जास्त’ आणि ‘अधिक चांगला’ यांच्या आधीही मूचो: मूचो मास, मूचो मेखोर.

खरी चूक होते ती भुकेपाशी. ‘मला खूप भूक लागलीय’ म्हणायला वर्गात मी एकदा ‘तेंगो मुय आम्ब्रे’ म्हणाले (‘तेंगो’ म्हणजे माझ्याजवळ आहे). बाईंनी फळ्यावर ‘आम्ब्रे’ लिहिलं, त्याखाली खडूने रेघ ओढली आणि विचारलं, हे नाम की विशेषण? मी म्हटलं, विशेषण. डोक्यात इंग्रजीतलं ‘हंग्री’ होतं. बाई म्हणाल्या, आता मराठीत सांग. ‘मला भूक लागलीय.’ भूक! नाम. म्हणून ‘तेंगो मूचा आम्ब्रे’. स्पॅनिश माणसाजवळ भूक ‘असते’, आपल्याला ती ‘लागते’, पण दोघांकडे ती नामच. तहान, झोप, भीती, थंडी यांचंही तसंच. आपण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतो म्हणून इथे घसरतो. मनात वाक्य मराठीत जुळवलं तर ही चूक बरेचदा टळते.

लिंग मात्र त्यांच्या नामाचं बघायचं, आपल्या नाही. भूक दोन्हीकडे स्त्रीलिंगी, तहानही. पण आपली थंडी स्त्रीलिंगी आणि त्यांचा ‘फ्रीओ’ पुल्लिंगी, म्हणून ‘आसे मूचो फ्रीओ’, खूप थंडी आहे. झोपेचा ‘सुएन्यो’ही पुल्लिंगी. इंग्रजीतल्या ‘द’सारखा ‘एल’ पुल्लिंगी नामाआधी येतो आणि ‘ला’ स्त्रीलिंगी नामाआधी, पण ‘एल आग्वा’, ‘एल आम्ब्रे’ ऐकून ही पुल्लिंगी समजू नका. सुरुवातीच्या ‘आ’वर जोर असल्यामुळे तिथे ‘ला’ऐवजी ‘एल’ येतो, शब्द स्त्रीलिंगीच. उलट ‘प्रोब्लेमा’ आकारान्त असून पुल्लिंगी: मूचोस प्रोब्लेमास.

जाता जाता: इंग्रजीतल्या ‘मच’शी याचं नातं नाही. ‘मूचो’ आणि ‘मुय’ ही लॅटिन ‘मुल्तुम’ची दोन रूपं, ‘मच’ मात्र आपल्या ‘महत्’च्या कुळातला.

मला सगळ्यात जास्त वेळ ‘खेंते’ने, म्हणजे ‘लोक’ या शब्दाने घेतला. आपले लोक अनेकवचनी, त्यांचे एकवचनी आणि स्त्रीलिंगी. ‘बरेच लोक’ म्हणताना ‘मूचोस’ तोंडात यायचं. मग मी त्याला मनात ‘गर्दी’ म्हणू लागले. बरीच गर्दी, मूचा खेंते. त्यानंतर एकदाही चुकलं नाही.